डेव्हलपर कॉन्फरन्सचा प्रवास हा शिक्षणाचाच भाग माना

प्रति,
मा. संपादक,

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञानविषयक पानावर येऊ घातलेल्या फोनच्या, नव्या प्रोसेसरच्या आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नव्या मॉडेलांच्या बातम्या नियमित येतात. त्यांतल्या बऱ्याचशा अजून जाहीर न झालेल्या गोष्टींबद्दल असतात, म्हणजे रीतसर बोलायचे तर त्या अफवा असतात, आणि मी त्या रोज सकाळी अग्रलेखाच्याही आधी वाचतो. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. पण या अफवा ज्या ठिकाणी खऱ्या किंवा खोट्या ठरतात, त्या डेव्हलपर कॉन्फरन्सबद्दल, म्हणजे प्रोग्रॅमरांच्या परिषदांबद्दल, आपल्या पानावर क्वचितच काही छापून येते, आणि तिथे प्रत्यक्ष जाण्याला आपल्या शहरात आजही निव्वळ हौस समजले जाते. नागपुरात शिकणाऱ्या आणि काम करणाऱ्या प्रोग्रॅमरांसाठी अशा कॉन्फरन्सना जाणे हा शिक्षणाचा भाग आहे आणि महाविद्यालयांनी, कंपन्यांनी व घरच्यांनी तो तसाच धरावा, हे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

आधी अफवांविषयी लिहितो, कारण अनेकांना या क्षेत्राची गोडी तिथूनच लागते. अ‍ॅपलची डब्ल्यूडब्ल्यूडीसी ही परिषद दरवर्षी जूनमध्ये भरते. कॅलिफोर्नियात सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. मृग तोंडावर आलेला असतो, पावसाचा पत्ता नसतो, आणि कूलरच्या घरघरीत भाषण नीट ऐकू येत नाही म्हणून कूलर बंद करून, घामाने भिजत ते पाहणारे कितीतरी जण माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्यातला प्रत्येक जण आधीचे काही आठवडे काय येणार, काय बंद होणार, कोणती जुनी सोय काढून टाकणार याचे अंदाज बांधत असतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा रिकामटेकडेपणा वाटतो. प्रत्यक्षात आपण ज्या साधनांवर पोट भरतो ती उद्या बदलणार आहेत का, याची ती काळजीपूर्वक चाललेली चौकशी असते.

६ जून २००५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत काय घडले ते पाहा. मॅक संगणक पॉवरपीसी प्रोसेसर सोडून इंटेलकडे जाणार, ही कुणकुण कित्येक वर्षे होती आणि बहुतेक जाणकार ती उडवून लावत होते. परिषदेच्या आधीच्या काही दिवसांत अमेरिकेतल्या वृत्तमाध्यमांनी ती ठामपणे छापली. स्टीव्ह जॉब्ज व्यासपीठावर आले आणि त्यांनी ‘हे खरे आहे’ अशा अर्थाची स्लाइडच पडद्यावर लावली. मॅक ओएस टेनची प्रत्येक आवृत्ती पाच वर्षे गुपचूप इंटेलवरही चालवून पाहिली जात होती, हे त्यांनी सांगितलेच. शिवाय त्या दिवशी सगळी प्रात्यक्षिके ज्या यंत्रावर चालली होती तेही इंटेलचेच होते, हे उघड केले. सभागृहात बसलेल्या हजारो डेव्हलपरांच्या पुढच्या दोन वर्षांच्या कामाची दिशा त्या एका तासात ठरली. ज्यांनी अफवेकडे लक्ष ठेवले होते आणि आपला कोड एकाच प्रोसेसरला बांधून ठेवला नव्हता, त्यांना हे स्थित्यंतर बरेच सोपे गेले.

उलट उदाहरण २०१४ चे आहे. त्या वर्षीच्या परिषदेत अ‍ॅपलने स्विफ्ट ही नवी प्रोग्रॅमिंग भाषा जाहीर केली. तिच्यावर २०१० पासून काम चालू होते, तरी बाहेर चकार शब्द फुटला नव्हता आणि अफवा गोळा करण्यात मुरलेल्यांनाही तिचा सुगावा लागला नाही. अफवांची मर्यादा अशा वेळी कळते. फोनचे सुटे भाग अनेक कारखान्यांतून फिरतात, त्यांची छायाचित्रे निघतात, परवान्यांसाठी कागदपत्रे दाखल होतात. पण भाषा मोजक्या माणसांच्या संगणकांवरच राहते, म्हणून ती लपून राहू शकते. काय फुटू शकते आणि काय फुटू शकत नाही, याचा विचार करायला लागले की उद्योग कसा चालतो हे आपोआप समजू लागते.

तिसरे उदाहरण मला सगळ्यांत मोलाचे वाटते. २०१७ च्या उन्हाळ्यात अ‍ॅपलच्या होमपॉड स्पीकरचे फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आत बसवलेले सॉफ्टवेअर, वेळेआधीच सार्वजनिकरीत्या उपलब्ध झाले. काही प्रोग्रॅमरांनी ती फाइल उघडली, आतली नावे आणि चिन्हे वाचली, आणि त्यांना बिनबटणाच्या नव्या आयफोनची बाह्यरेषा तसेच चेहरा ओळखून फोन उघडण्याच्या सोयीच्या खुणा सापडल्या. सप्टेंबरमध्ये आयफोन टेन जाहीर झाला आणि सगळे तंतोतंत जुळले. या माणसांना कोणी कानात येऊन काही सांगितले नव्हते. समोर पडलेली फाइल त्यांनी चिकाटीने वाचली होती, आणि असे वाचणे हीच प्रोग्रॅमरची खरी विद्या आहे.

म्हणून आपल्या पानाबद्दल एक विनंती इथेच करतो. फर्मवेअरमधून, भारतीय मानक ब्युरोच्या किंवा अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाच्या नोंदींतून, ट्रेडमार्कच्या अर्जांतून निघालेली अफवा वेगळी. एखाद्या पत्रकाराला त्याच्या सूत्राने सांगितलेली वेगळी. आणि कोणी तरी कल्पनेने काढलेले चित्र पाहून पसरलेली वेगळी. बातमीसोबत ती कोणत्या प्रकारची आहे हे एका ओळीत छापले, तर शाळा-कॉलेजातल्या वाचकांना पारख करण्याची सवय लागेल. सूत्रांचे मोल वृत्तपत्राला मी सांगायला नको. ‘थिंक सीक्रेट’ ही अ‍ॅपलविषयीच्या अफवांची साइट एका तेरा वर्षांच्या मुलाने सुरू केली होती. २००५ मध्ये अ‍ॅपलने तिच्यावर दावा लावला आणि २००७ च्या डिसेंबरात तडजोड होऊन साइट बंद करण्याचे ठरले, पण सूत्रांची नावे मात्र अखेरपर्यंत दिली गेली नाहीत. त्या मुलाबद्दल मला आजही आदर वाटतो.

अफवांची एक जात मात्र निखालस घातक आहे आणि ती सध्या नागपूरच्या घराघरांत शिरली आहे. ‘प्रोग्रॅमिंग संपले, आता सगळे एआयच करणार’ हे वाक्य मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंतून आईवडिलांपर्यंत पोहोचते आणि कॉम्प्युटर शाखेत नुकताच प्रवेश घेतलेली मुलगी किंवा मुलगा रात्रभर झोपत नाही. ही अफवा तपासायची कुठे? जे रोज ही साधने वापरून मोठ्या प्रणाली चालवतात, त्यांच्याशी अर्धा तास बोलणे हा मला ठाऊक असलेला सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. हे साधन कुठे खरोखर वेळ वाचवते, कुठे आत्मविश्वासाने चुकीचे लिहून मोकळे होते आणि त्याने लिहिलेले तपासायला किती अनुभव लागतो, हे ती माणसे समोरासमोर स्पष्ट सांगतात. आणि अशी पाच-पन्नास माणसे एकाच छताखाली कॉन्फरन्समध्येच भेटतात.

यावर नेहमीचा प्रश्न असा येतो की सगळी भाषणे ध्वनिचित्रमुद्रित होतात, फुकट पाहायला मिळतात, मग रेल्वेचे तिकीट काढून जायचे कशाला? प्रश्न रास्त आहे. २०१३ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूडीसीची १,५९९ डॉलरची तिकिटे विक्री सुरू झाल्यावर जेमतेम दोन मिनिटांत संपली होती आणि पुढच्या वर्षापासून सोडत काढावी लागली. आज त्याच परिषदेची सगळी सत्रे कोणालाही घरबसल्या पाहता येतात. हा मोठाच लाभ आहे. तरीही जाणे आवश्यक आहे असे मी म्हणतो, त्याची कारणे व्यासपीठावरच्या भाषणात सापडत नाहीत, ती त्याच्या अवतीभवती सापडतात.

बहुतेक परिषदांत लाइटनिंग टॉक नावाचा प्रकार असतो. एका फळ्यावर किंवा कागदावर आपले नाव आणि विषय लिहायचा, पाळी आली की पाच मिनिटे बोलायचे, वेळ संपली की टाळ्या वाजवून पुढच्याला जागा करून द्यायची. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेत सँटा क्लारा येथे झालेल्या पायकॉनमध्ये, म्हणजे पायथन भाषेच्या प्रोग्रॅमरांच्या परिषदेत, सॉलोमन हाइक्स यांनी अशाच पाच मिनिटांत डॉकर हे प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसह एका डब्यात बांधून कुठेही चालवण्याचे साधन पहिल्यांदा जगाला दाखवले. आज जगभरचे सर्व्हर ज्या पद्धतीने चालवले जातात, तिला त्यानंतर वेग आला. त्याआधी नोव्हेंबर २००९ मध्ये रायन डाल यांनी बर्लिनच्या जेएसकॉन्फ या जावास्क्रिप्ट भाषेच्या परिषदेत नोड.जेएस हे ती भाषा सर्व्हरवर चालवणारे साधन मांडले, तेव्हा श्रोते उभे राहून टाळ्या वाजवत होते. याच डाल यांनी २०१८ मध्ये त्याच परिषदेत येऊन, नोड.जेएसच्या रचनेतल्या आपल्याला खंत वाटणाऱ्या दहा गोष्टी एकेक करून सांगितल्या. आपण केलेले, लाखो लोक वापरत असलेले काम कुठे फसले हे जाणकारांच्या भरल्या सभागृहात सांगण्याची ही रीत तरुणांनी प्रत्यक्ष पाहावी असे मला मनापासून वाटते, कारण आपल्याकडच्या कार्यालयांत आणि वर्गांत ती फारशी दिसत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीची वार्षिक परिषद, डेबकॉन्फ, पहिल्यांदाच भारतात, कोचीला भरली. मी नागपूरहून केरळ एक्स्प्रेसने गेलो होतो. तिथे दुपारच्या जेवणानंतर व्हरांड्यात दोन माणसे समोरासमोर उभी राहून काही तरी पुटपुटताना दिसली. एकाच्या हातात पासपोर्ट होता, दुसऱ्याच्या हातात छापील चिठ्ठी. चिठ्ठीवर चाळीस अंक-अक्षरांची ओळ होती, आणि एक जण चार-चार अक्षरांचे गट मोठ्याने वाचत होता, दुसरा आपल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने खूण करत होता. वाचून झाल्यावर पासपोर्टावरचा फोटो आणि समोरचा चेहरा त्यांनी पुन्हा एकदा नीट न्याहाळला, हस्तांदोलन केले आणि पुढच्या माणसाकडे गेले. डेबियनमध्ये एकमेकांच्या डिजिटल किल्लीवर सही करण्याची ही पद्धत आहे; चिठ्ठीवरची ओळ ही त्या किल्लीची ओळखखूण. तुम्हाला डेबियन डेव्हलपर व्हायचे असेल तर सहसा आधीच्या डेव्हलपरांनी तुम्हाला भेटून, ओळख पटवून, तुमच्या किल्लीवर सही केलेली असावी लागते. जगभरातले सर्व्हर ज्या सॉफ्टवेअरवर विसंबून आहेत, त्याच्या सुरक्षिततेचा एक धागा असा दोन माणसांच्या प्रत्यक्ष भेटीतून जातो.

या भेटीचे महत्त्व पुढच्याच वर्षी सगळ्यांना कळले. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केले की एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनात कोणी तरी चोरवाट पेरली आहे. सर्व्हरवर लॉग-इन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढ्यावरून त्यांना संशय आला होता आणि त्यांनी त्याचा छडा लावला. ज्या नावाने ही चोरवाट आली, त्या नावाने दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून, थकलेल्या मूळ देखभालकर्त्याचा विश्वास मिळवला होता. त्या नावामागच्या माणसाला कोणी समोरासमोर भेटल्याचे आजवर पुढे आलेले नाही. नुसती भेट झाली असती तर हा प्रकार टळला असता, असा दावा मी करणार नाही. पण ज्याचा कोड कोणालाही पाहता-बदलता येतो अशा खुल्या सॉफ्टवेअरचा सगळा डोलारा अनोळखी माणसांच्या परस्परविश्वासावर उभा असेल, तर त्या माणसांनी अधूनमधून एकत्र येणे, एकमेकांची थकवा-अडचण विचारणे ही चैन कशी म्हणता येईल?

आता आपल्या शहराकडे येतो. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही लोहमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. हैदराबादला वंदे भारतने दिवसाउजेडी पोहोचता येते, ऑगस्ट २०२५ पासून अजनीहून पुण्यालाही वंदे भारत सुरू झाली आहे, बंगळुरूसाठी संघमित्रा आहे. पायकॉन इंडिया २००९ मध्ये बंगळुरूत सुरू झाली आणि पुढे पुणे, दिल्ली, हैदराबाद, चेन्नई अशी फिरत राहिली. म्हणजे यजमान शहर कोणतेही असो, नागपूरचा माणूस फार तर एका रात्रीच्या आणि दिवसाच्या प्रवासावर असतो. इतक्या सोयीच्या जागी राहूनही आपली मुले या परिषदांत मोजकीच दिसतात, याचे मला वाईट वाटते.

अडचण अंतराची नाही. परवानगीची आहे. माझ्या परिचयातल्या एका विद्यार्थिनीचा प्रस्ताव एका राष्ट्रीय परिषदेत स्वीकारला गेला होता. तिच्या महाविद्यालयाने ते तीन दिवस गैरहजेरी धरले आणि पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम दाखवला. क्रीडास्पर्धेला गेलेल्या तिच्याच वर्गातल्या मुलांना मात्र त्याच महिन्यात सवलत मिळाली होती. खेळाडूंना सवलत मिळते हे योग्यच आहे. तीच सवलत तांत्रिक परिषदेत भाषण देणाऱ्याला का मिळू नये, याचे समाधानकारक उत्तर तिला कोणी दिले नाही. नोकरी करणाऱ्यांची स्थिती याहून फार वेगळी नाही. बिनपगारी रजा घेऊन, स्वतःच्या खर्चाने जाणारे आणि परत आल्यावर तिथे शिकलेले कंपनीच्याच कामात वापरणारे प्रोग्रॅमर आयटी पार्कात आणि मिहानमध्ये मी पाहिले आहेत.

घरच्यांचा प्रश्न नाजूक आहे आणि त्यांची काळजी मला समजते. एकटी मुलगी परक्या शहरात जाणार, कोणाकडे उतरणार, खर्च किती येणार, हे त्यांनी विचारलेच पाहिजे. त्यांना हे सांगावेसे वाटते की पायकॉन आणि डेबकॉन्फसारख्या परिषदांमध्ये लेखी आचारसंहिता असते, तक्रार कोणाकडे करायची हे आधीच ठरवून दिलेले असते, आणि खर्च न पेलणाऱ्यांना प्रवास व निवासासाठी अर्थसाहाय्य मागता येते. ब्रुसेल्सला भरणाऱ्या फॉसडेम या खुल्या सॉफ्टवेअरच्या परिषदेला तर प्रवेशशुल्कही नाही आणि नावनोंदणीही नाही. अर्थात तिथवरचे विमानभाडे आणि व्हिसा हा मोठा अडसर उरतोच. परदेशचा विचार ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे करावा. देशातल्या देशात जे शक्य आहे, तेवढे तरी व्हावे.

प्रवासातून होणारे शिक्षण सभागृहापुरतेच राहत नाही, हेही नोंदवतो. रात्रीच्या गाडीत योगायोगाने भेटलेला दुसऱ्या शहरातला प्रोग्रॅमर, परिषदेनंतर उरलेल्या दिवशी पाहिलेले फोर्ट कोचीचे चिनी मासेजाळे, न येणाऱ्या भाषेत मागितलेले जेवण, यांतून आपल्या सॉफ्टवेअरचा वापरकर्ता कोण आहे आणि तो किती वेगळा असू शकतो हे कळते. मल्याळममधली जोडाक्षरे पडद्यावर नीट दिसावीत म्हणून तिथली माणसे किती वर्षे खपली, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकले. देवनागरीसाठी आपण स्वतः काय केले, हा प्रश्न मला परतीच्या गाडीत सतावत राहिला आणि तेव्हापासून मी एका खुल्या प्रकल्पात मराठी भाषांतराचे काम करतो आहे.

आणि नेहमी आपणच का जावे? नागपुरातही अशी परिषद भरवता येईल. जानेवारी २०२३ मध्ये १०८वी इंडियन सायन्स काँग्रेस राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात भरली होती. दरवर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे अधिवेशन येते, विजयादशमीच्या सुमारास दीक्षाभूमीवर लाखो अनुयायी येतात आणि शहर त्यांची व्यवस्था पाहते. रेशीमबागेत सुरेश भट सभागृह आहे, सिव्हिल लाइन्समध्ये वसंतराव देशपांडे सभागृह आहे, व्हीएनआयटी आणि २०१६ मध्ये सुरू झालेली ट्रिपल आयटी आहे, विमानतळ ते शहर मेट्रो आहे. जानेवारीतल्या नागपूरच्या हवेत तर कोणीही आनंदाने यावे. दोन दिवसांची, माफक शुल्काची, जिच्यात निम्मी भाषणे मराठीतून असतील अशी डेव्हलपर परिषद इथल्या महाविद्यालयांनी आणि कंपन्यांनी मिळून सुरू केली, तर अमरावती, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळच्या मुलांना पहिला लाइटनिंग टॉक आपल्या माणसांसमोर देता येईल. वक्ते आणि स्वयंसेवक मिळवण्याच्या कामात माझ्यासारखे अनेक जण वेळ द्यायला तयार आहेत.

आपल्या दैनिकाकडून एवढीच अपेक्षा आहे की तंत्रज्ञानाच्या किंवा शिक्षणाच्या पानावर महिन्यातून एकदा, देशात होणाऱ्या डेव्हलपर परिषदांच्या तारखा, भाषणांचे प्रस्ताव पाठवण्याची मुदत आणि अर्थसाहाय्याच्या अर्जाची मुदत छापावी. अर्थसाहाय्याची मुदत बहुधा परिषदेच्या कितीतरी आधी संपते, आणि ज्यांना त्या मदतीची खरी गरज असते त्यांच्यापर्यंत ही बातमी सर्वांत उशिरा पोहोचते.

कळावे,
आपला विश्वासू,
एक प्रोग्रॅमर आणि नियमित वाचक,
नागपूर